ताटात काय आहे, हे कुणाच्या शब्दावर? : न्यूयॉर्कच्या कोशर खाणावळींचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर आमच्या एका मित्राने फोनवर विचारलं, "अहो, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता हॉटेलांवर बोलणार?" आम्ही म्हटलं, होय. कारण मोठ्या शहरात आपल्या धर्माला चालेल असं जेवण आणि त्यावर काहीतरी गोड कुठे मिळेल, हा प्रश्न वरवर पोटाचा असला, तरी थोडं खणलं की तो ज्ञानाचा प्रश्न निघतो. समोरच्या ताटात काय आहे हे मला कसं कळतं? आणि कुणाच्या शब्दावर मी पहिला घास तोंडात घालतो?

सुरुवात न्यूयॉर्कपासून न करता अलिबागपासून करू. आमचं लहानपण तिथलं, १९५० च्या दशकातलं. अलिबागेत इस्रायल आळी आहे आणि त्या आळीत यहुद्यांचं प्रार्थनामंदिर आहे. ही मंडळी बेने इस्राएल. बोलणं मराठी, आडनावं कोकणातल्या गावांची. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आमच्या शेजारी असंच एक कुटुंब होतं. त्यांच्या नव्या वर्षाला त्या घरातल्या मावशी चिकाचा हलवा करीत. गहू भिजवून, वाटून त्याचा चीक काढायचा, नारळाचं दूध आणि साखर घालून तो तासन्‌तास घोटायचा, मग थापून वड्या पाडायच्या. त्यातली एक ताटली आमच्याकडे येई.

आमचं घर कडक शाकाहारी, त्यांच्याकडे मटण-मासळी चाले. पण ताटली देताना मावशी आमच्या आईला दर वेळी एकच वाक्य सांगत, "वहिनी, निर्धास्त खा हो, भांडं वेगळं आहे." आणि आई निर्धास्त खात असे.

उलटाही एक प्रसंग आठवतो. आईने गणपतीचे पेढे त्यांच्याकडे पाठवले. मावशींनी ते घेतले, डोक्याला लावले आणि फडताळात ठेवून दिले. एकही तोंडात टाकला नाही. आईला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःच म्हणाल्या, "काल दुपारी मटण झालं होतं ना वहिनी, त्यावर आम्हाला दुधाचं चालत नाही. आज सकाळी सगळ्यांनी खाल्ले." त्या दिवशी आईला एक गोष्ट कळली आणि पुढे आम्हाला ती आयुष्यभर पुरली. समोरच्याने आपला पदार्थ बाजूला ठेवला, म्हणजे त्याने आपल्याला बाजूला ठेवलं असं नव्हे.

आता 'कोशर' म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. हिब्रूतला हा शब्द 'योग्य', 'चालण्याजोगं' अशा अर्थाचा आहे. त्याचे मुख्य नियम यहुद्यांच्या धर्मग्रंथात, म्हणजे तोरामध्ये आहेत. प्राणी दुभंगलेल्या खुराचा आणि रवंथ करणारा हवा. त्यामुळे बकरी-मेंढी चालते, डुक्कर चालत नाही. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत, म्हणून कोलंबी, खेकडे, शेवंड बाद. प्राणी ठरलेल्या पद्धतीने, जाणकार माणसाने कापलेला हवा. मांसातलं रक्त मीठ लावून काढलेलं हवं. आणि मांस आणि दूध एकत्र येता कामा नये. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये तीनदा येते. पुढच्या धर्मपंडितांनी तिचा विस्तार केला. भांडी वेगळी, ताटं वेगळी, आणि मांसाहारानंतर दुधाचा पदार्थ खाण्याआधी काही तास थांबणं आलं. पुष्कळ घराण्यांत सहा तास थांबतात, जर्मन परंपरेत तीन, तर हॉलंडच्या परंपरेत एक तास.

म्हणजे अन्नाचे तीन वर्ग झाले: मांसाचं, दुधाचं, आणि दोन्ही नसलेलं. या तिसऱ्या वर्गाला 'पारव्हे' म्हणतात. भाजी, फळं, धान्य, तेल, नारळ हे पारव्हे. अंडी आणि मासेही पारव्हेच, हे शाकाहारी मंडळींनी जरूर लक्षात ठेवावं!

आता आमच्या शास्त्राकडे वळू. न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कोशरला यांतलं कोणतं लागू पडतं? मांसाचा तुकडा डोळ्यांनी पाहून तो कसा कापला हे कळत नाही. वास, चव, रंग, काही सांगत नाही. दुकानदार दाढीवाला आहे, दारावर हिब्रू अक्षरं आहेत, यावरून अनुमान करावं, तर ते फसवं निघू शकतं. उपमानाचा इथे संबंधच नाही. उरतो तो शब्द. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? ज्याला वस्तुस्थिती माहीत आहे आणि ती जशीच्या तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. भाष्यकार वात्स्यायन तर पुढे असंही म्हणतो, की ही व्याख्या ऋषींना लागू आहे तशीच आर्यांना आणि म्लेंच्छांनाही. म्हणजे आप्तपण जातीने येत नाही, ते जाणतेपणाने आणि सचोटीने येतं. आमच्या शेजारच्या मावशी आमच्या आईच्या आप्त होत्या, नात्यानेही आणि न्यायशास्त्रानेही.

यहुदी धर्मशास्त्रातही याच्या जवळ जाणारं एक तत्त्व आहे. खटल्यात दोन साक्षीदार लागतात, पण खाण्यापिण्याच्या निषिद्धाबाबत एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते. घरच्या बाईने सांगितलं 'हे चालतं', की चालतं. खेड्यात हे सोपं होतं. कापणारा ओळखीचा, धर्मगुरू ओळखीचा, बाजार एक. खेड्याची जागा लाखोंच्या शहराने घेतली, तेव्हा काय झालं? हाच आजचा खरा विषय, आणि त्यासाठी आपण न्यूयॉर्कला जाऊ.

१८८१ नंतर रशियाच्या साम्राज्यात यहुद्यांवर हल्ले सुरू झाले, दारिद्र्य होतंच. तेव्हापासून १९२४ पर्यंत पूर्व युरोपातून सुमारे वीस लाख यहुदी अमेरिकेत आले. त्यांतले पुष्कळसे न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात उतरले. मुंबईच्या गिरणगावातल्या चाळी डोळ्यांसमोर आणा, साधारण तशीच दाटी. इथे खाटीक शेकडो, आणि प्रत्येकाच्या दारावर 'कोशर'. पण कुणी पाहिलं होतं?

या गोंधळावर तोडगा म्हणून काही सनातनी मंडळांनी एकत्र येऊन १८८८ साली विल्नाहून रब्बी जेकब जोसेफ यांना मुख्य रब्बी म्हणून आणलं. मोठे विद्वान गृहस्थ. त्यांनी व्यवस्था अशी लावली, की देखरेखीखाली कापलेल्या प्रत्येक कोंबडीला शिशाची एक खूण बांधायची आणि त्या खर्चापोटी एक सेंट जास्त घ्यायचा. एक सेंट म्हणजे काय मोठंसं? पण लोक खवळले. रशियात झारचं सरकार कोशर मांसावर कर घेत असे, त्याची आठवण ताजी होती. ज्या जुलमातून पळून आलो तोच कर इथे आपल्याच धर्मगुरूने लावावा? खाटकांना देखरेख नको होती, बायकांना जास्तीचा सेंट नको होता. दुसऱ्या रब्बींनी आपापल्या मुख्यपदाच्या पाट्या लावल्या. पाहता पाहता व्यवस्था कोसळली. रब्बी जोसेफ आजारी पडले आणि १९०२ च्या जुलैत वारले. जिवंतपणी ज्यांना मानलं नाही, त्यांच्या अंत्ययात्रेला मात्र हजारोंचा लोंढा लोटला.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. त्यांच्या विद्वत्तेबद्दल कुणाला शंका नव्हती. पण साक्षीचे पैसे घेतले जाऊ लागले, की साक्षीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात.

त्याच वर्षी, दोन महिने आधी, मे १९०२ मध्ये, आणखी एक घटना घडली. कोशर मांसाचा भाव पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंटवर गेला. घाऊक व्यापार थोड्या बड्या कंपन्यांच्या मुठीत होता. लोअर ईस्ट साइडच्या गृहिणींनी मांस घेणं बंद केलं. घरोघर फिरल्या, दुकानांपुढे उभ्या राहिल्या, विकत घेतलेल्या मांसावर रॉकेल ओतलं. पोलिसांनी पुष्कळ जणींना पकडलं. शनिवारी त्या प्रार्थनामंदिरात गेल्या आणि तोराचं वाचन थांबवून त्यांनी पुरुषांपुढे गाऱ्हाणं मांडलं. अन्याय झालेल्याने असं वाचन थांबवावं ही जुनी रीतच होती, पण बायकांनी ती वापरावी हे नवं. जूनपर्यंत भाव १४ सेंटच्या आसपास उतरला. आपल्याकडे १९७० च्या दशकात मुंबईत लाटणं घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, ते ज्यांना आठवतं त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. धर्माला काय चालतं ते पंडित सांगतील, पण परवडतं काय आणि घरात शिजतं काय, ते बाईच ठरवते.

धर्मसंस्थेला जमलं नाही, मग सरकार आलं. १९१५ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला: कोशर नसलेलं मांस कोशर म्हणून फसवून विकणं गुन्हा. कोशर म्हणजे काय? तर सनातनी हिब्रू धर्माच्या नियमांप्रमाणे जे असेल ते. दुकानदार न्यायालयात गेले, पण १९२५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. म्हणजे धर्म आणि राज्य वेगळं ठेवणाऱ्या देशात सरकारी निरीक्षक खाटकाकडे जाऊन धर्म पाळला की नाही ते तपासू लागला! याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगू.

आता जरा गोडाकडे येऊ, नाहीतर तुम्ही म्हणाल की मिठाईचं नाव काढलंत आणि मांसातच अडकलात.

मघाचा नियम आठवा, मांसावर दूध नाही. म्हणून न्यूयॉर्कमध्ये यहुदी खाण्याच्या जागांची सरळ दोन घराणी पडली. एक 'डेली', म्हणजे पास्त्रामी, सलामी, खारवलेलं मांस. १९३० च्या दशकात शहरात अशा कोशर डेली हजाराहून अधिक होत्या. दुसरं घराणं दुधाच्या खाणावळींचं. इथे मांसाला बंदी. चीज भरलेल्या पातळ घावनांसारख्या ब्लिंट्झेस, आंबट साय, मासे आणि चीजकेक. १९०५ साली सुरू झालेलं 'रॅटनर्स' हे या घराण्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. डिलॅन्सी स्ट्रीटवर ते कित्येक दशकं चाललं आणि २००२ साली बंद झालं. सेकंड अॅव्हेन्यूवरचं 'बी अँड एच' १९३८ चं. चिंचोळं दुकान, पण नाव मोठं. म्हणजे चीजकेक हवा असेल तर जेवणही दुधाच्याच घरी घ्यायचं, किंवा मांस खाऊन तासन्‌तास थांबायचं. डेलीत बसून वर आइस्क्रीम, हे नाही.

मग डेलीत गोड काय? तर पारव्हे. लोण्याऐवजी तेलातला केक, सफरचंदाचा स्ट्रूडल, फळांचा मुरंबा. १९११ साली 'क्रिस्को' नावाचं वनस्पती तूप बाजारात आलं, आपल्या डालड्याचाच भाऊबंद. ते ना दुधाचं, ना प्राण्याच्या चरबीचं. कंपनीने हे बरोबर हेरलं आणि १९३३ मध्ये यहुदी गृहिणींसाठी यिडिश आणि इंग्रजीतून पाककृतींची पुस्तिकाच काढली. मांसाच्या जेवणावर खुसखुशीत पाय खाता येणं ही त्या घरांत लहानसहान गोष्ट नव्हती. आमच्या कोकणातल्या मावशींकडे हे उत्तर आधीपासून होतं, ते म्हणजे नारळ. मटणाच्या रश्श्यातही नारळाचं दूध आणि हलव्यातही. कोकण किनाऱ्यावर पारव्हे झाडावरच लागतं!

गोडाचीच आणखी एक कथा. व्हिएन्नाहून नाझींच्या तडाख्यातून निसटलेले स्टीफन क्लाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये 'बार्टन्स' ही चॉकलेटची दुकानं काढली. चॉकलेटं उंची, सजावट झकपक, पण कोशर, आणि शनिवारी व सणांना दुकान बंद. शनिवार हा विक्रीचा दिवस, तरी बंद. दुकानदाराने स्वतः सोसलेला तोटा गिऱ्हाइकाला दिसतो आणि त्याचा शब्द वजनदार होतो.

दुधाबद्दल एक बारीक शंका फार जुनी होती. दूध काढताना कुणी यहुदी हजर नसेल, तर त्यात निषिद्ध जनावराचं दूध मिसळलं नाही कशावरून? विसाव्या शतकाच्या मध्यावर लोअर ईस्ट साइडमध्येच राहणारे थोर धर्मपंडित रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी निर्णय दिला, की अमेरिकेत सरकारी तपासणी आहे, भेसळीला दंड आहे, त्या भीतीने कंपनी भेसळ करणार नाही, आणि ही खात्री जणू डोळ्यांनी पाहिल्यासारखीच धरावी. केवढी मोठी ही उडी! सरकारचा कायदा धर्माचा साक्षीदार झाला. या निर्णयामुळे सनातनी घरांतल्या लाखो मुलांना साधं दुकानातलं आइस्क्रीम खाता आलं. तरी सगळ्यांनी तो मानला नाही. ब्रुकलिनच्या काही वस्त्यांत आजही देखरेखीखाली काढलेल्याच दुधाच्या मिठाईची दुकानं शोधतात. एकाच धर्माची दोन माणसं, एकाच रस्त्यावर, आणि एकाला चालणारं दुकान दुसऱ्याला चालत नाही.

दरम्यान शहर बदलत होतं. दुसऱ्या पिढीला आठवण हवी होती, नियम नकोसे झाले होते. त्यातून 'कोशर-स्टाइल' हा प्रकार आला. चव तीच, पदार्थ तेच, पण धर्मनियम नाहीत. 'कॅट्झ' ही जगप्रसिद्ध डेली पाहायला आपले मराठी पर्यटक जातात आणि कोशर खाऊन आलो म्हणून सांगतात. ती कोशर नाही, आणि तसा दावाही करत नाही. उलट्या बाजूने १९५९ साली बर्नस्टाइन नावाच्या गृहस्थांनी लोअर ईस्ट साइडमध्येच कोशर चिनी जेवण सुरू केलं. म्हणजे पाहा, पदार्थ यहुदी म्हणून तो कोशर होत नाही, आणि चिनी म्हणून बाद होत नाही.

आणि कारखान्यात बनलेल्या अन्नाचं काय? तिथे कुणाला भेटणार, कुणाला विचारणार? १९२० च्या दशकात ऑर्थोडॉक्स युनियन या संस्थेने डब्यांवर छापण्याची खूण काढली, गोलात 'यू' हे अक्षर. हाइन्झ कंपनीच्या डबाबंद घेवड्यापासून तिची वाटचाल सुरू झाली. शेजीच्या तोंडच्या वाक्याची जागा आता नखाएवढ्या चिन्हाने घेतली. १९९७ च्या सुमारास 'ओरिओ' बिस्किटांना ही खूण मिळाली. त्याआधी त्यांत डुकराची चरबी असे. ती काढली, भट्ट्या आगीने जाळून शुद्ध केल्या, तेव्हा कुठे ते जमलं. आपल्याकडे २००१ च्या सुमारास पाकिटांवर हिरवा ठिपका सक्तीचा झाला. प्रश्न तोच, उत्तरही त्याच जातीचं.

आता आमची एक आठवण सांगतो. १९९० च्या दशकात एका परिषदेसाठी न्यूयॉर्कला गेलो होतो. पहिल्याच दिवशी एका हॉटेलात 'भाज्यांचं सूप' मागवलं, विचारून घेतलं, वेटरने मान डोलावली. निम्मं पिऊन झाल्यावर कळलं, की ते कोंबडीच्या पाण्यात शिजवलंय. वेटर खोटं बोलला असं आम्ही म्हणणार नाही. त्याला माहीतच नव्हतं. आप्तत्वाची पहिलीच अट तुटली.

परिषदेत एक वयोवृद्ध यहुदी प्राध्यापक होते, काटेकोर कोशर पाळणारे. त्यांना सूपाची गोष्ट सांगितली. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "आज तुम्ही माझ्याबरोबर चला." ते आम्हाला घेऊन गेले कुठे, तर लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवर अठ्ठाविसाव्या रस्त्याजवळ, एका दाक्षिणात्य शाकाहारी हॉटेलात! तिथे त्या काळी अशी कोशर प्रमाणपत्र घेतलेली डोशाची हॉटेलं होती. आत शिरण्याआधी ते काचेपाशी थांबले. खिशातून चष्मा काढला आणि तिथे लावलेला कागद वाचला. मग आम्हाला म्हणाले, "तीन गोष्टी पाहायच्या. खाली सही कुणाची, तारीख उलटली का, आणि ही जागा मांसाची की दुधाची. पाटीवरचा 'कोशर' हा शब्द शेवटी वाचायचा."

आम्ही डोसा खाल्ला. ताटात मांस नव्हतं, तेव्हा वर त्यांनी गुलाबजामही खाल्ले, दोन. आम्ही विचारलं, "तुम्ही त्या सहीच्या माणसाला ओळखता?" ते म्हणाले, "नाही. पण त्याला ओळखणाऱ्याला ओळखतो." श्रोतेहो, ज्ञानमीमांसेवर आम्ही बरंच वाचलं आहे. महानगरातल्या विश्वासाचं इतकं नेमकं वर्णन आम्हाला पुस्तकात सापडलं नाही.

त्यांनी एक अडचणही सांगितली. हॉटेलात देखरेखीला जो माणूस असतो, त्याला मश्गियाख म्हणतात. त्याचा पगार हॉटेलवाल्याने दिला, तर तो हॉटेलवाल्याविरुद्ध बोलेल का? म्हणून पगार वरच्या संस्थेकडून यावा, असा आग्रह धरतात. पण त्या संस्थेलाही फी हॉटेलच देतं. रब्बी जोसेफ यांच्या एका सेंटचा प्रश्न शंभर वर्षांनीही पुरता सुटलेला नाही. तो सुटत नाही, सांभाळावा लागतो.

आता १९१५ च्या कायद्याचं पुढे काय झालं? लाँग आयलंडवरच्या कोमॅक गावातलं एक कोशर मांसाचं दुकान सनातनी नव्हे, तर कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बीच्या देखरेखीखाली होतं. सरकारी निरीक्षकांनी ठपके ठेवले, दुकान न्यायालयात गेलं. २००२ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने ठरवलं, की कोशरची व्याख्या एका पंथाप्रमाणे करणं म्हणजे सरकारने धर्माच्या वादात बाजू घेणं, म्हणून कायद्यातली ही कलमं घटनाबाह्य. मग २००४ साली नवा कायदा आला. कोशर काय हे सरकार आता सांगत नाही. ते एवढंच म्हणतं: तुम्ही कोशर म्हणून विकता ना, मग कुणाच्या प्रमाणपत्रावर ते जाहीर करा. गिऱ्हाईक ठरवील. आम्हाला वाटतं, नैयायिक तिथे असता तर खूश झाला असता. राज्याने शब्दाचं प्रामाण्य ठरवलं नाही, तो शब्द कुणाचा हे उघड करायला लावलं.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण लेखी प्रमाणाला दुसरी बाजूही असते. ती पाहायला आपल्याला परत आपल्या कोकणातल्या शेजाऱ्यांकडे यायला हवं.

बेने इस्राएलांमध्ये एक दंतकथा सांगतात. फार पूर्वी डेव्हिड रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला. ही मंडळी खरंच यहुदी आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. ग्रंथ नाहीत, हिब्रू विसरलेली. त्याने बायकांच्या हाती तऱ्हेतऱ्हेचे मासे दिले आणि शिजवायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. कथा खरी किती ते सोडून द्या. एका समाजाला आपली ओळख कागदात नव्हे, बायकांच्या हातात ठेवलेली आठवते, हे महत्त्वाचं.

१९४८ नंतर यांतली पुष्कळ कुटुंबं इस्राएलला गेली, आमच्या शेजारच्या मावशीही. आणि तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्राएल माणसाचं लग्न दुसऱ्या यहुद्याशी लावण्याआधी त्याच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. ज्यांनी शतकानुशतकं कुणी पाहत नसताना खवले पाहून मासे निवडले, त्यांनाच विचारलं गेलं: कागद कुठे आहे? लोक रस्त्यावर आले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. १९६४ साली संसदेत ठराव झाला आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

तेव्हा सही आणि तारीख पाहून हॉटेलात शिरावं हे बरोबरच. अनोळखी शहरात दुसरा इलाज नाही. पण हीच सवय माणसांना लावून त्यांच्याकडे कागद मागायला लागलो, तर चूक होते. पदार्थाला प्रमाणपत्र लागतं, कारण तो बोलू शकत नाही. माणूस बोलू शकतो. त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

आज मुंबईत कुणी विचारलं, की इथे कोशर खाणावळींची रांग कुठे आहे, तर ती नाही, आणि जुन्या काळीही नव्हती. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. त्याच्या आसपासच्या इस्रायल मोहल्ल्यात जेवण होतं ते घरात. आता इथली संख्या थोडी उरली आहे. पण कुठल्यातरी घरात नव्या वर्षाला अजून चीक घोटला जात असेल, आणि ताटली शेजारी जात असेल.

मावशी गेल्या त्या वर्षी आईने स्वतः तो हलवा करून पाहिला. चव जमली नाही. पण त्यासाठी तिने फडताळातून एक वेगळं पातेलं काढलं होतं. आम्ही म्हटलं, "आई, आपल्या घरात तर सगळीच भांडी शाकाहारी आहेत, मग वेगळं कशाला?" ती म्हणाली, "असू दे रे. त्यांची पद्धत आहे."